गव्हाणे सरांच्या लाल खुंट्या

गव्हाणे सरांच्या दशक्रियेला कावळा शिवेना.

घोड नदीच्या घाटावर माणसं ताटकळून उभी होती. पिंडाशेजारी भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बिनसाखरेचा चहा मांडला होता. कावळे समोरच्या बाभळीवर बसून सगळं बघत होते, पण खाली येत नव्हते. सरांनी लग्न केलं नव्हतं, म्हणून विधी भाच्यानं, मंगेशनं केले. मंगेशची शिरूरकडच्या माळावर खडीची खाण आहे, क्रशर आहे आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहायची इच्छा आहे. त्यामुळे गर्दी सरांसाठी किती आणि मंगेशसाठी किती, ते सांगता आलं नसतं.

ऊन चढायला लागलं तशी कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं बहिणीचं नाव घ्या, कुणी म्हणालं पेढा ठेवून बघा. शेवटी पागोटं घातलेले एक आप्पा मोठ्यानं म्हणाले, "मंगेश, खुंट्यांचं बोल. त्याबिगर न्हाई शिवायचा त्यो."

मंगेशनं इकडंतिकडं पाहिलं. मग हात जोडले. "मामा, तुमच्या शब्दाबाहेर न्हाई. माझ्या खाणीत सगळ्या बुडांना खुंट्या मारून घेतो. जेवा आता."

थोड्या वेळानं एक कावळा उतरला आणि त्यानं भाकरीला चोच लावली. लोक लगेच मोकळे झाले, चपला शोधायला लागले. मांडवाच्या मागं सरांचा मोठा फ्लेक्स होता. त्यावर 'आमचे मार्गदर्शक' असं लिहिलं होतं आणि सर हसत होते. मी सरांना असं हसताना एकदाही पाहिलं नव्हतं. फोटो कुठल्या तरी ओळखपत्रावरचा होता. हसू फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर जोडलं होतं.

मी बायकांच्या बाजूला उभी होते. मला रडू आलं नाही. मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

*

खुंट्यांचं काय ते आधी सांगते, नाहीतर सर कळणार नाहीत.

खाणीत मशीननं खडकात खोल होल पाडतात, त्यात स्फोटकं भरतात आणि बार उडवतात. खडक फुटून खाली येतो, पण काही होलांचा तळ जमिनीत तसाच शिल्लक राहतो. आमच्याकडं त्याला बूड म्हणतात. कधीकधी त्या बुडात न फुटलेली दारू राहून जाते. वरून काही दिसत नाही. धूळ बसलेली असते. दुसऱ्या दिवशी ड्रिलवाला येतो. सपाट काळ्या पाषाणावर मशीनचं टोक घसरतं, जुन्या बुडात मात्र अलगद बसतं. म्हणून तो टोक तिथंच ठेवतो. आत काही उरलं असेल तर मशीन जातं आणि माणूस जातो.

हे करायचं नाही, असं सगळ्या पुस्तकांत आहे. कायद्यात आहे. खाणीच्या गेटवरच्या बोर्डावरसुद्धा आहे. तरी रोज होतं, कारण रोज काही फुटत नाही.

सरांचं उत्तर साधं होतं. बार उडाला की प्रत्येक बूड शोधायचं, धुऊन तपासायचं आणि त्यात बाभळीची, लाल रंग दिलेली खुंटी ठोकायची. खुंटी बसली की टोक तिथं बसू शकत नाही. सरांच्या जुन्या जीपच्या मागच्या सीटवर नेहमी खुंट्यांचं पोतं असायचं. खाणींवर त्यांना कुणी डॉक्टर गव्हाणे म्हणत नसे. 'खुंटीसायेब आले' अशी हाळी व्हायची आणि चहावाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे चेहरे पाडायचे.

सर खरे डॉक्टर होते. खडक आणि स्फोट यांत. बाराचे हादरे जमिनीतून कसे पसरतात, यावर त्यांचं संशोधन होतं. आयुष्यभर परराज्यांतल्या मोठ्या खाणींवर काम करून ते परत आले आणि शिक्रापूरला हायवेवर, टायरच्या दुकानाच्या वर, एका खोलीत त्यांनी ऑफिस थाटलं. खालून ट्रक गेले की टेबलावरचा हादरे मोजायच्या यंत्राचा काटा हलायचा. "बघ," सर म्हणायचे, "आपण मालकांना नावं ठेवतो आणि बसलोय कुठं."

मी त्यांच्याकडं इंजिनिअरिंग झाल्या झाल्या लागले. वडील कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला, आम्ही दौंडला राहायचो, शाळा इंग्रजी माध्यमाची. मला माणसांशी बोलायचा धसका होता. मुलाखतीत सरांनी माझे मार्क बघितले नाहीत. विचारलं, "पर्समध्ये आरसा आहे?"

मला वाटलं, हा कसला माणूस आहे. रागानंच आरसा काढून दिला. ते मला तसेच जीपमध्ये घालून जवळच्या खाणीवर घेऊन गेले, एका बुडाशी गुडघे टेकून बसले आणि माझ्या आरशानं सूर्याचा कवडसा आत सोडला. होलच्या भिंती लख्ख दिसल्या, पार तळापर्यंत.

"बॅटरीनं एवढं दिसत नाही," ते म्हणाले. "माझा आरसा फुटला परवा. हा ठेवून घेतो. उद्यापासून ये."

आरसा त्यांनी कधीच परत दिला नाही.

*

सर रागीट होते असं सगळे म्हणतात. दशक्रियेतही प्रत्येक वक्त्यानं म्हटलं, कौतुकानं, लाडक्या खोडीसारखं. "मामांचा स्वभाव जरा तापट." सरांचा राग म्हणजे काही स्वभाव नव्हता. तो त्यांच्या कामाचा भाग होता, हेल्मेटसारखा. आणि त्यांनी तो वाटून दिला होता. मालकाला एवढा, गाववाल्याला तेवढा, मला थोडा.

एकदा एका मालकानं सांगितलं की त्याच्या खाणीचे दगड रस्त्यापर्यंत उडत नाहीत; गाववाले उगाच ओरडतात. सरांनी होल बघितले होते. वरचं तोंड नीट न ठासता नुसत्या भुकटीनं झाकलेलं होतं. असं झाकण असलं की दगड वर उडतात.

"न्हाई ना येत रस्त्यावर?" सरांनी विचारलं.

"आईच्यान न्हाई, साहेब."

"मग तुमची गाडी हितं लावा." सरांनी रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं. गाडी नवी कोरी होती, बॉनेटला झेंडूची माळ तशीच होती.

मालक हसला. सर हसले नाहीत. मालक ड्रायव्हरकडं बघायला लागला, ड्रायव्हर आभाळाकडं. "साहेब, तसं न्हाई, पण नवीन हाय..."

"या रस्त्यानं शाळेची पोरं जात्यात. ती जुनी हायत काय?"

त्या दिवशी सगळे होल उकरून, खडीनं पुन्हा नीट ठासून घेतले. बार उडाला, रस्त्यावर दगड आला नाही. मालकानं पुन्हा कधी सरांना बोलावलं नाही.

गाववाले तरी खूश असतील असं वाटेल. तेही नव्हते. बार असला की सर खाणीवाल्यांबरोबर उभे राहत नसत. सगळ्यात जवळचं घर शोधायचे, यंत्र तिथल्या जमिनीत रोवायचे आणि स्वतः त्या घरात भिंतीला पाठ लावून बसायचे. "यंत्र आकडा सांगतं," ते म्हणायचे. "घरात बसल्यावर काय वाटतं, ते पाठ सांगते."

मंगेशच्या खाणीला लागून सुमनआक्कांचं घर आणि शेवंतीचं रान आहे. आक्का एकट्या राहतात, तोंडानं फटकळ. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या भेगा दाखवल्या, आढ्यापासून जोत्यापर्यंत. सर भिंतीला पाठ लावून बसले, बार उडाला, भांडी वाजली. सर उठले, भेगांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आक्का, या दोन सुरुंगाच्या. ही मोठी मात्र न्हाई. ही तुमच्या काळ्या मातीची हाय. पावसात माती फुगती, उन्हाळ्यात आकसती. पायाच उथळ घेतलाय."

आक्का उसळल्या. "म्हंजी? आता माझीच चूक व्हय? सायब, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"भिंतीच्या," सर म्हणाले.

"भिंतीच्या बाजूचे! मग ऱ्हावा भिंतीपाशीच. च्या न्हाई मिळायचा."

चहा मिळाला नाही. पण पुढच्या वेळी मिळाला, बिनसाखरेचा, न सांगता. आक्का इतर माणसांना सांगायच्या, "तोंडावर खोटं बोलत न्हाई बाबा. म्हनून तर कुनी जेवायला बोलवत न्हाई."

माझ्यावरचा सरांचा राग एकाच गोष्टीचा होता. बाराआधी भोंगा झाला की खाणीभोवतीच्या माणसांना ओरडून लांब न्यावं लागतं. मला ओरडता येत नव्हतं. मी लोकांजवळ चालत जाऊन हळू सांगायचे. सर लांबून बघायचे आणि कपाळाला हात लावायचे. "अगं, तू लाजतेस तेवढ्यात दगड खाली येईल. त्याला माहीत नाही तू लाजाळू आहेस."

*

मंगेश त्यांचा सख्खा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा. ताईंनी सरांना लहानपणी कडेवर वाढवलेलं. सर दरवर्षी भाऊबीजेला ताईंकडं जायचे. वर्षातली ती एकच सुट्टी. मंगेशच्या खाणीचं कामही त्यांनी घरचं म्हणूनच घेतलं होतं.

एका सकाळी आम्ही तिथं गेलो. कामगारांनी तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला होता. मंगेशचा मॅनेजर म्हणाला, "सर, बसा, फक्कड च्या हाय." सर बसले नाहीत. ते चुलीकडं बघत होते. मला आधी कळलं नाही. मग दिसलं, जाळात अर्धवट जळालेली लाकडं होती आणि त्यांच्या टोकांना लाल रंग होता.

सरांनी आदल्या आठवड्यात स्वतः ठोकलेल्या खुंट्या उपटून कामगारांनी सरपण केलं होतं.

सरांनी पायानं पातेलं उलटं केलं. चहा जाळावर पडून धूर झाला. सर तसेच खालच्या पायरीवर, खडक कापून केलेल्या सपाट टप्प्यावर, गेले. तिथं ड्रिल मशीन सुरू होतं आणि रामकिशन नावाचा ड्रिलवाला, राजस्थानकडचा, मशीनचं टोक बसवत होता. सर मशीनच्या समोर जाऊन उभे राहिले, इतक्या जवळ की रामकिशननं घाबरून मशीन बंद केलं.

"पुराने में डाल रहा है?"

"साहब, नये में बिट फिसलता है. इसमें आराम से बैठता है. सब ऐसे ही करते हैं."

सरांनी बूड पाण्यानं धुवायला लावलं. मग गुडघे टेकले, खिशातून माझा आरसा काढला आणि कवडसा आत सोडला. बराच वेळ ते आत बघत राहिले. मग बाजूला झाले आणि रामकिशनला म्हणाले, "देख."

रामकिशन वाकला. तो उठला तेव्हा तो जे करायला निघाला होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो मशीनपासून लांब जाऊन उकिडवा बसला आणि त्यानं तोंड पंच्यानं झाकून घेतलं. मीही वाकून पाहिलं. तळाशी, कवडशात, दारूच्या कांडीचं फाटकं कागदी टोक होतं.

सरांनी काम थांबवलं. थांबवलं म्हणजे त्या बुडाशेजारी खुर्ची मागवून बसले. मंगेश पळत आला.

"मामा, असं कामगारांसमोर नगा. घरात बोलू."

"घरात ड्रिल चालतं काय?"

"मामा, काढून टाकू ना ते. आजच काढतो. पण वर कुणाला कळवू नगा. खाण बंद पडंल, मला निवडणुकीला उभं ऱ्हायचंय."

"आन् बाकीची बुडं? खुंट्या कुणी उपटल्या?"

"आवो, पोरांनी घेतल्या आसतील थंडीच्या. मी काय एकेक खुंटी राखत बसू?" मग त्याचा आवाज चढला. "आजवर झालं का काही? सांगा ना! तुम्ही येता तवापासून नुसतं होईल, होईल. झालं का?"

सर ओरडतील असं मला वाटलं. ते अगदी हळू बोलले. "हा माणूस बसलाय तिथं, बघ. याला विचार, झालं का."

मंगेशनं रामकिशनकडं पाहिलंसुद्धा नाही.

सरांनी सरकारी खात्याला कळवलं. खाण काही दिवस बंद राहिली, मग सुरू झाली. त्यात काय व्यवहार झाला ते मला माहीत नाही आणि अंदाज करायची गरजही वाटत नाही. सरांना मात्र खाणीत पाय ठेवायला बंदी झाली. बाकीच्या मालकांनी आपसांत ठरवल्यासारखं बोलावणं बंद केलं. आणि ताईंचा फोन आला. मी ऑफिसात होते, फोन स्पीकरवर होता कारण सरांना एका कानानं नीट ऐकू येत नसे.

"पोटच्या पोरासारखा वाढवला तुला," ताई म्हणाल्या. "माझ्या पोराच्या भाकरीवर पाय दिलास. औंदा भाऊबीजेला येऊ नगंस."

"बरं," सर म्हणाले. फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन खालचे टायर बघत उभे राहिले.

दिवाळीला ते गेले नाहीत. हृदयविकारानं गेले ते त्यानंतर काही महिन्यांनी. ताई घाटावर छाती पिटून रडत होत्या. मला त्यांचाही राग आला. मग वाटलं, सर असते तर म्हणाले असते, हा राग चुकीच्या भिंतीवर काढतेस.

पण एक गोष्ट मला गिळता येत नाही. घाटावरच्या भाषणात मंगेश म्हणाला, "मामा लई भ्यायचे. मला म्हणायचे, होईल, होईल. देवाच्या दयेनं आपल्या खाणीत आजवर साधं खरचटलंसुद्धा न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. काहीजण हसले. झालेला अपघात सगळ्यांना दिसतो. त्याची बातमी येते, भरपाई येते, पुढारी भेटायला येतात. न झालेल्याला कुणी नसतं. रामकिशन त्या गर्दीत मागं उभा होता, धडधाकट, हातपाय सगळे जागेवर. सरांच्या कामाचा तेवढाच पुरावा होता आणि त्याला कुणी बोलायला सांगितलं नाही.

*

दशक्रियेनंतर चार दिवसांनी मी मंगेशच्या खाणीवर गेले. सरांच्या जीपमधलं खुंट्यांचं पोतं रिक्षात घालून नेलं होतं. मंगेश गेटवरच भेटला. डोक्यावर नुकते केस उगवत होते.

"खुंट्या आणल्यात," मी म्हटलं. "तुम्ही घाटावर शब्द दिलात."

तो आधी गोंधळला. मग त्याला आठवलं आणि तो खरंच मोकळं हसला. "आवो मॅडम, ते कावळ्यासाठी होतं."

मी ओरडले. काय ओरडले ते शब्द इथं लिहीत नाही. एवढं खरं की खालच्या पायरीवरचं मशीन बंद झालं, क्रशरवरची माणसं बाहेर आली आणि मंगेश दोन पावलं मागं सरकला. पोतं मी गेटमध्ये ओतलं. मग सुमनआक्कांकडं जाऊन बसले, भिंतीला पाठ लावून. आक्कांनी चहा केला. म्हणाल्या, "आज मोप आवाज निघाला तुझा. त्यो ऐकायला पायजे व्हता."

मग त्यांनी मला त्यांच्या रानाच्या टोकाला नेलं. तिथून खाली मंगेशची खाण दिसते, गेटसुद्धा. गेटपाशी रामकिशन वाकून मी ओतलेल्या खुंट्या गोळा करत होता. मंगेश लांबून बघत होता, पण त्यानं अडवलं नाही. आज अडवलं नाही एवढंच. उद्याचं मी सांगत नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते याच टोकावर.

जायच्या आदल्या आठवड्यातली दुपार. ऑफिसात नव्हते, फोन उचलत नव्हते, म्हणून मी शोधत आक्कांकडं आले. सर शेवंतीच्या वाफ्यांपलीकडं, खाणीच्या काठावर, एका दगडावर बसले होते. खाणीत पाय ठेवायला बंदी होती. आक्कांचं रान खाणीत येत नव्हतं. दुपार कलली होती, पलीकडच्या कड्याची सावली खालच्या पायरीवर पसरली होती आणि त्या सावलीत रामकिशन मशीन लावत होता. सरांच्या तोंडावर समोरचं ऊन होतं. त्यांच्या हातात माझा आरसा होता.

त्यांनी तो किंचित तिरका केला. खाली सावलीत एक छोटा कवडसा उमटला, सरकत सरकत गेला आणि एका बुडावर थांबला. रामकिशननं मान वर केली नाही. त्यानं मशीन हातभर बाजूला घेतलं, पुन्हा टोक टेकवलं. कवडसा हलला, पुढच्या बुडावर जाऊन थांबला. रामकिशननं तेही सोडलं.

मी मागं येऊन उभी राहिले होते. सरांना ते कळलं असावं, पण त्यांनी मान वळवली नाही.

"सर, घरी चला," मी त्यांच्या पुढ्यात येऊन म्हटलं. "ऊन लागेल."

"मधे येऊ नकोस," ते चिडून म्हणाले. "तुझी सावली पडतीय."

मी बाजूला झाले. कवडसा थोडा थरथरला आणि पुन्हा जागेवर स्थिर झाला.